विजेचा रोध : मीटरवरील आंकडा केव्हां खरा मानावा?

पंचगंगा, भोगावती, दूधगंगा व वेदगंगा या नद्यांच्या कांठीं ऊंस करणाऱ्या शेतकऱ्यास वीज ही आतां नांगर-मोटेइतकीच नित्याची वस्तु झाली आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांनीं अडविलेलें पाणी नदीच्या पात्रांतून उचलून चढाच्या रानांत नेण्यास विजेच्या मोटारीवांचून दुसरा सोयीचा उपाय नाहीं. असें असूनही विजेचें शास्त्र हें वायरमनचें काम, आपणांस त्याच्याशीं कर्तव्य नाहीं, अशी समजूत अद्याप पुष्कळांची आहे. या समजुतीची किंमत जळालेल्या मोटारीच्या रूपानें दरसाल द्यावी लागते, आणि कधीं कधीं ती मनुष्याच्या प्राणानें द्यावी लागते.

विजेच्या शास्त्रांतील सर्व गोष्टी एका लेखांत सांगणें शक्य नाहीं व त्याची आवश्यकताही नाहीं. येथें रोध या एकाच गोष्टीचा विचार करावयाचा आहे. हल्लीं रोध मोजण्याचें लहानसें मीटर बाजारांत स्वस्त मिळतें. त्याच्या दोन सुया एखाद्या वस्तूस लाविल्या कीं आंकडा दिसतो. परंतु तो आंकडा मीटरमधील लहानशा बॅटरीच्या दाबानें मोजलेला असतो, आणि शेतावरील दाब तर २३० किंवा ४१५ व्होल्ट असतो. थोड्या दाबानें मोजलेला रोध मोठ्या दाबास तसाच राहतो काय, हा खरा प्रश्न आहे. कांहीं पदार्थांत तो तसाच राहतो, कांहींत मुळींच राहत नाहीं. हे दोन वर्ग ज्यास ओळखतां येतात त्याची मोटार वांचते आणि माणसेंही वांचतात.

दाब, प्रवाह आणि रोध

पाण्याच्या टांकीची उंची वाढविली म्हणजे खालच्या नळास दाब अधिक मिळतो. विजेच्या दाबास व्होल्ट या मापानें मोजतात. नळांतून दर क्षणास किती पाणी जातें तसा तारेंतून किती वीजप्रवाह जातो, तें अँपिअर या मापानें सांगतात. प्रवाहास तारेचा जो अडथळा होतो तो रोध होय, व त्याचें माप ओहम. दाबास प्रवाहानें भागिलें असतां रोध येतो. २३० व्होल्ट दाबास एखाद्या वस्तूंतून १० अँपिअर प्रवाह गेला, तर त्या वेळीं तिचा रोध २३ ओहम आहे असें म्हणावें.

तारेचा रोध चार गोष्टींवर अवलंबून असतो. लांबी दुप्पट केली तर रोध दुप्पट होतो. जाडी, म्हणजे काप-क्षेत्र, दुप्पट केलें तर रोध निम्मा होतो. तिसरी गोष्ट धातु व चौथी उष्णता. सारख्याच लांबीजाडीच्या तांब्याच्या तारेहून ॲल्युमिनियमच्या तारेचा रोध सुमारें १.६ पट असतो. याकरितां तांब्याऐवजीं ॲल्युमिनियमची केबल घ्यावयाची झाल्यास तिचें काप-क्षेत्र निदान त्याच प्रमाणांत अधिक घ्यावें लागतें.

ओहमचा नियम

जर्मनींतील एर्लांगेन गांवीं १७८९ सालीं एका कुलपें करणाऱ्या कारागिराच्या घरीं गेओर्ग सिमोन ओहम याचा जन्म झाला. कोलोन येथें शिक्षकाचें काम करीत असतां त्यानें निरनिराळ्या लांबीच्या तारांतून वीजप्रवाह सोडून तो मोजण्याचे प्रयोग केले. त्या काळच्या बॅटरीचा दाब घटकेंत उतरत असे, त्यामुळें मोजणी जुळेना. तेव्हां त्यानें दोन धातूंचा सांधा एका टोंकास तापवून व दुसऱ्या टोंकास थंड ठेवून स्थिर दाब उत्पन्न केला व १८२६ सालीं आपलीं मोजमापें पुरी केलीं. पुढल्याच वर्षीं, १८२७ सालीं, त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्रथम त्याची फारशी कदर झाली नाहीं; परंतु १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यास कोप्ले पदक दिलें, आणि १८८१ सालीं पॅरिस येथें भरलेल्या विद्युत्-परिषदेंत रोधाच्या मापास त्याचेंच नांव ठेवण्यांत आलें.

त्याचा नियम असा कीं, धातूच्या तारेची उष्णता न बदलली तर दाब व प्रवाह यांचें प्रमाण कायम राहतें. दाब दुप्पट तर प्रवाह दुप्पट. दाब दहापट तर प्रवाह दहापट. हा नियम आपणांस साधा वाटतो, परंतु सृष्टींत असें साधें प्रमाण सर्वत्र आढळत नाहीं. पाण्याचेंच उदाहरण घ्या. पाइपांतून वेगानें जाणाऱ्या पाण्यावरील दाब दुप्पट केला तर पाणी दुप्पट येत नाहीं. तें दीडपटीहून थोडें कमीच येतें. धातूच्या तारेंत मात्र प्रमाण तंतोतंत सुटतें.

येथें एक बारीक भेद ध्यानांत ठेवावा. दाबास प्रवाहानें भागून रोध कोणत्याही वस्तूचा काढतां येईल. ती नुसती व्याख्या झाली. तो भागाकार प्रत्येक दाबास एकच येतो, हें म्हणणें म्हणजे ओहमचा नियम. जमिनीचा सारा एकरीं ठराविक दरानें आकारलेला असला, तर एका एकराच्या आकारावरून पन्नास एकरांचा आकार घरीं बसून काढतां येतो. परंतु उत्पन्नावरील कर चढत्या दरानें बसत असल्यामुळें लहान उत्पन्नावरील दर पाहून मोठ्या उत्पन्नावरील कर काढूं गेल्यास हिशेब चुकतो. वाहकांतही असेच दोन वर्ग आहेत. पहिल्यांस ओहमीय वाहक म्हणतात, दुसऱ्यांस अनोहमीय.

केबलीचा हिशेब

केबल ही पहिल्या वर्गांतील. म्हणून तिचा हिशेब खरेदीपूर्वींच कागदावर मांडतां येतो, व तो न मांडल्यामुळेंच पुष्कळ नुकसान होतें.

समजा, मीटरच्या पेटीपासून नदीकांठचा पंप ३०० मीटर दूर आहे व मोटार १० अश्वशक्तीची आहे. पूर्ण भारावर ती सुमारें १५ अँपिअर घेते. ४ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध दर किलोमीटरास सुमारें ४.६ ओहम असतो. म्हणजे ३०० मीटरांस १.३८ ओहम. प्रत्येक तारेंत १५ गुणिले १.३८, म्हणजे सुमारें २० व्होल्ट दाब खर्ची पडतो. थ्री फेजच्या रीतीनें दोन फेजांमधील तूट काढली तर ती सुमारें ३० व्होल्ट भरते. पेटीपाशीं ४१५ व्होल्ट असले तरी मोटारीस ३८५ च मिळतात. आणि उन्हाळ्यांत डी.पी. वर भार पडून पेटीपाशींच ३८० असले, तर मोटारीपर्यंत ३५० पोंचतात.

तीच केबल १० चौरस मिलिमीटरची घेतली तर रोध ०.५५ ओहम व तूट सुमारें १२ व्होल्ट होते. शिवाय वाया जाणारी शक्तिही पाहावी. ती प्रवाहाच्या वर्गास रोधानें गुणून येते. तीन तारा मिळून बारीक केबलींत सुमारें ९३० वॅट व जाड केबलींत सुमारें ३७० वॅट जळतात. वर्षांतून मोटार १,००० तास चालली तर फरक ५६० युनिटांचा पडतो. हीं युनिटें पाणी उचलीत नाहींत, केवळ केबल तापवितात. जाड केबलीची किंमत एकदांच द्यावी लागते. बारीक केबलीची दरसाल.

मोटार सुरू होतांना ती नेहमींच्या पांच-सहापट प्रवाह घेऊं पाहते, आणि केबल नियमास धरून चालणारी असल्यामुळें तिच्यांतील तूटही जवळजवळ त्याच पटीनें वाढते. पंप घोंघावतो पण उचल घेत नाहीं, अशा वेळीं दोष मोटारींत नसून पुष्कळदां बारीक केबलींत असतो.

उष्णता आणि सांधा

ओहमच्या नियमांत उष्णता न बदलण्याची अट आहे ती विसरतां कामा नये. तांब्याचा रोध दर अंशास सुमारें शेंकडा ०.४ वाढतो. २० अंशांची तार ७० अंशांपर्यंत तापली तर तिचा रोध जवळजवळ एक पंचमांशानें अधिक होतो. केबलीचें वेटोळें तसेंच ठेवून तिच्यांतून भार चालविणें हें याकरितांच वाईट. उष्णतेस बाहेर पडण्यास वाव मिळत नाहीं.

सांध्याची गोष्ट याहून नाजूक आहे. पिळून बांधलेल्या सांध्यावर, विशेषतः तांबें व ॲल्युमिनियम यांच्या सांध्यावर, हवेनें व ओलीनें गंजाचा पातळ थर बसतो. या थराचा रोध स्थिर नसतो. दाब, हालचाल व उष्णता यांप्रमाणें तो बदलतो. केवळ ०.१ ओहमचा सांधा १५ अँपिअर प्रवाहास सुमारें २२ वॅट उष्णता बोटभर जागेंत उत्पन्न करतो. मीटरनें पाहावें तर ०.१ ओहम त्या साध्या मीटरवर नीट ओळखूंही येत नाहीं. म्हणून सांधा मीटरनें न पाहतां उष्णतेनें ओळखावा. मोटार अर्धा तास चालल्यावर मुख्य खटका बंद करून, तारेंत वीज नाहीं अशी टेस्टरनें खातरी करून घेऊन, मगच सांध्याजवळ हात न्यावा. एक सांधा इतरांहून गरम लागला तर तो दाबून बसविलेल्या योग्य लगनें पुन्हां करवावा.

नियम न पाळणारे वाहक

आतां दुसऱ्या वर्गाकडे वळूं. जुना तारेचा दिवा हें त्याचें ओळखीचें उदाहरण. २३० व्होल्टांचा १०० वॅटचा दिवा पेटला असतां त्याचा रोध सुमारें ५२९ ओहम असतो. तोच विझलेला असतां मीटरनें मोजला तर ४० ओहमच्या आसपास दिसतो. मीटर खोटें सांगत नाहीं. दिव्याची तार पेटल्यावर अडीच हजार अंशांच्या घरांत तापते व तिचा रोध बारा-तेरापट वाढतो. ४० ओहमवरून हिशेब करणारा मनुष्य त्या दिव्यास सहा अँपिअर लागतात असें समजेल. वास्तविक अर्धा अँपिअरही लागत नाहीं.

स्टार्टरवरील एल.ई.डी. चे बारीक दिवे व सौर पंपाच्या तावदानांतील सिलिकनचे घट यांची रीत आणखी निराळी. लहान लाल दिव्यास दीड व्होल्टपर्यंत दाब दिला तर जवळजवळ प्रवाहच जात नाहीं. दोन व्होल्टांच्या सुमारास तो एकदम वाढूं लागतो. आणि दिशा उलटी केली तर पुन्हां नाहींसा होतो. अशा वस्तूचा रोध अमुक ओहम, असें एका आंकड्यानें सांगतांच येत नाहीं. सौर तावदानाचा प्रवाह बराच वेळ जवळजवळ स्थिर राहून ठराविक दाबानंतर झपाट्यानें कोसळतो. पी.एम. कुसुम योजना २०१९ सालीं सुरू झाल्यापासून असे पंप पुष्कळ बसले आहेत. त्यांतील कंट्रोलर काढून मोटार थेट तावदानास जोडण्याचा खटाटोप कोणीं करूं नये, तो याच कारणानें.

नियम न पाळण्याचा हा गुण कांहीं ठिकाणीं उपकारक ठरतो. डी.पी. वरील वीजरोधकांत हल्लीं जस्ताच्या भस्माच्या चकत्या असतात. नेहमींच्या दाबास त्यांतून नांवापुरता प्रवाह जातो. वीज पडून दाब भडकला म्हणजे त्यांचा रोध एकाएकीं कोसळतो. त्या पट्ट्यांत दाब शेंकडा दहानें वाढला तरी प्रवाह दहा-वीसपट होतो. आकाशांतील वीज त्या वाटेनें जमिनींत निघून जाते व दाब ओसरतांच रोध पूर्ववत् होतो. ओहमचा नियम पाळणारी वस्तु तेथें निरुपयोगी झाली असती.

चालती मोटार

मोटारीचें वाइंडिंग तांब्याचें असतें व स्वतः तें ओहमचा नियम पाळतें. म्हणून तिन्ही वाइंडिंगांचा रोध मीटरनें मोजून ते सारखे आहेत कीं नाहींत हें पाहणें योग्य आहे. एकाचा आंकडा स्पष्टपणें कमी आला तर त्यांतील वेढे एकमेकांस चिकटले असावेत; अगदींच प्रवाह न दाखविल्यास तार तुटली असावी.

परंतु चालत्या मोटारीस तोच आंकडा लावूं गेल्यास सर्व हिशेब फसतो. एका वाइंडिंगचा रोध २ ओहम व त्यावर दाब ४१५ व्होल्ट असल्यास ओहमच्या नियमानें दोनशेंहून अधिक अँपिअर गेले पाहिजेत. प्रत्यक्षांत दहाच्या आंत जातात. याचें कारण असें कीं, फिरत्या मोटारींत चुंबकाच्या योगानें आंतूनच उलट दाब उत्पन्न होतो व तो बाहेरच्या दाबास बहुतांशीं तोलून धरतो. पंख्यांत गाळ अडकून मोटार जाम झाली म्हणजे तोल बिघडतो, केवळ थोडा चुंबकीय अडथळा उरतो, आणि प्रवाह पांच-सहापट होऊन कांहीं मिनिटांत वाइंडिंग जळतें.

याहून महत्त्वाची गोष्ट कमी दाबाची. दाब कमी झाला तर प्रवाहही कमी होईल, म्हणून मोटारीस कांहीं अपाय होणार नाहीं, असें तारेच्या अनुभवावरून वाटतें. मोटारींत याच्या उलट घडतें. पंपावरील पाण्याचा भार तोच असल्यानें मोटारीस काम तेवढेंच करावें लागतें. दाब कमी मिळाला तर ती प्रवाह अधिक ओढते. दाब शेंकडा १० नें उतरला तर प्रवाह सुमारें शेंकडा ११ नें वाढतो, आणि वाइंडिंगमधील उष्णता प्रवाहाच्या वर्गानें वाढत असल्यामुळें ती सुमारें शेंकडा २३ नें वाढते. वाइंडिंगच्या आवरणाचें आयुष्य दर दहा अंशांच्या वाढीस सुमारें निम्में होतें, असा अनुभवाचा ठोकताळा आहे. अधिक प्रवाहामुळें केबलींतील तूटही वाढते व दाब आणखी उतरतो. कमी होल्टेजवर रात्रभर चाललेली मोटार सकाळीं जळालेली सांपडते, तिचें मर्म हें आहे.

याकरितां ओव्हरलोड रिले मोटारीच्या पाटीवरील अँपिअरांवरच ठेवावा. तो वारंवार सुटतो म्हणून आंकडा चढवून ठेवणें किंवा फ्यूजमध्यें जाड तार घालणें म्हणजे राखणदारास झोंपेचें औषध देण्यासारखें आहे. तीन फेजांपैकीं एक गेला असतां मोटार थांबविणारें साधनही स्टार्टरमध्यें असलें पाहिजे.

महापुरानंतरची मोटार

आपल्या जिल्ह्यानें २००५, २०१९ व २०२१ सालीं मोठे महापूर पाहिले. नदीकांठच्या मोटारी व स्टार्टर अनेक दिवस पाण्याखालीं राहिले. पूर ओसरल्यावर मोटार उन्हांत ठेवून, साध्या मीटरनें तपासून, "रोध पुष्कळ दाखवितो" अशा समाधानानें ती सुरू करण्याची रीत पुष्कळ ठिकाणीं आहे. रोधाच्या दोन वर्गांचा भेद न कळल्याचें हें सर्वांत महाग उदाहरण होय.

वाइंडिंग व मोटारीचें लोखंडी अंग यांमध्यें जें आवरण असतें त्याचा रोध ओहमचा नियम पाळीत नाहीं. त्यांत ओल व गाळाचा अंश राहिला असेल तर थोड्या दाबास तो मोठा दिसतो. दाब वाढतांच गळती प्रमाणाबाहेर वाढते, आणि कच्च्या जागीं आवरण फुटतें. मीटरमधील बॅटरीचा दाब कांहीं व्होल्टांचा. त्यानें वाइंडिंगची तार तपासतां येते, आवरण तपासतां येत नाहीं. त्यासाठीं मेगर नांवाचें यंत्र लागतें. तें स्वतः ५०० व्होल्ट दाब उत्पन्न करून रोध दाखवितें. प्रत्येक वाइंडिंग व लोखंडी अंग यांमध्यें निदान १ मेगओहम, म्हणजे दहा लाख ओहम, रोध आल्यावांचून मोटारीस वीज देऊं नये. मेगर लावतांना केबल व स्टार्टर मोटारीपासून सोडवून ठेवावेत आणि सुयांस हात लावूं नये.

पुरांतील मोटार उघडून प्रथम स्वच्छ पाण्यानें गाळ धुवावा, कारण वाळलेल्या गाळांत क्षार राहतात व ते पुन्हां ओल धरतात. बेअरिंग साफ करून नवें ग्रीस भरावें. मग सावकाश वाळवावी. एकदम कडक आंच देऊं नये. वाळवितांना मेगरचा आंकडा प्रथम उतरतो व मागाहून चढतो. हें पाहून घाबरूं नये; तापलेल्या आवरणाचा रोध दर दहा अंशांस सुमारें निम्मा होतो, म्हणून प्रारंभीं आंकडा खालीं येतो, आणि ओल निघून जाऊं लागली कीं वर जातो. मोटार थंड झाल्यावर शेवटची मोजणी करावी व ती तारखेसह वहींत लिहून ठेवावी. एकाच आंकड्यापेक्षां दरसालच्या आंकड्यांची तुलना अधिक बोलकी असते. मोटारीबरोबर स्टार्टर, केबलीचे सांधे व मीटरची पेटी हींही पाण्यांत होतीं, हें विसरूं नये. महावितरणच्या माणसानें लाइन तपासून दिल्यावांचून पुरानंतर खटका चढवूं नये.

मनुष्याचा देह

नियम न पाळणाऱ्या वाहकांत सर्वांत घातक वाहक म्हणजे आपला देह. मीटरच्या दोन सुया कोरड्या बोटांत धरून पाहिल्या तर रोध कांहीं लाख ओहम दिसतो. २३० व्होल्टांस दोन लाखांनीं भागिलें तर एक-सव्वा मिलिअँपिअर येतो. एवढ्यानें केवळ मुंग्या येतील असें वाटतें. हा हिशेब प्राणघातक आहे.

देहाचा रोध बहुतेक सर्व कातडींत असतो, व मोठ्या दाबापुढें कातडी टिकत नाहीं. आंतरराष्ट्रीय विद्युत्-आयोगाच्या कोष्टकाप्रमाणें कोरड्या हातांनीं चांगली पकड घेतली असतां मध्यम मनुष्याचा रोध २५ व्होल्टांस सुमारें सव्वातीन हजार ओहम, तर २२५ व्होल्टांस सुमारें सव्वा हजार ओहमच राहतो. दाब नऊपट झाला, परंतु प्रवाह सुमारें चोवीसपट, म्हणजे १८० मिलिअँपिअरांच्या वर गेला. हृदयाची लय बिघडविण्यास तो पुरे आहे. अंग ओलें व पाय चिखलांत असल्यास कातडीचा आधार आधींच गेलेला असतो. रात्रींच्या पाळीस पाणी पाजणारा मनुष्य ज्या स्थितींत स्टार्टरपाशीं जातो ती हीच स्थिति होय.

अर्थिंग केलें आहे म्हणून निश्चिंत राहावें काय? तेंही हिशेबानें पाहूं. मोटारीच्या अंगांत फेज उतरला व अर्थिंगच्या वाटेचा एकंदर रोध १० ओहम असला, तर २३० भागिले १० म्हणजे २३ अँपिअर जमिनींत जातील. मोटारीसाठीं घातलेला ३२ अँपिअरचा फ्यूज त्यानें वितळत नाहीं, आणि पंपाचें अंग जिवंत राहतें. मातीचा रोध ओलीवर अवलंबून असल्यामुळें पावसाळ्यांत चांगलें असलेलें अर्थिंग चैत्र-वैशाखांत निकामी होतें. म्हणून अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यांत ओला ठेवावा, त्याची तार तुटली नाहीं हें पाहावें. आणि एवढ्यावर न थांबतां गळती ओळखून खटका पाडणारें साधन, ज्यास इ.एल.सी.बी. म्हणतात, तें बसवावें. मनुष्यरक्षणासाठीं ३० मिलिअँपिअरवर पडणारें साधन घेतात. लांब केबलीच्या नैसर्गिक गळतीनें तें वारंवार पडत असेल तर तें काढून न टाकतां जाणत्या वायरमनकडून गळतीचें मूळ शोधावें.

राधानगरी-दाजीपूरकडील रानांत गवे व डुकरें यांपासून पीक राखण्यासाठीं कुंपणाच्या तारेंत थेट लाइनची वीज सोडण्याचे प्रकार घडतात. जनावराचा व माणसाचा देह वरील नियमास सारखाच बांधलेला आहे. अंधारांत त्या तारेस कोण लागेल हें सांगतां येत नाहीं. बहुधा शेजारी, गडी किंवा घरचाच मनुष्य लागतो. हा गुन्हा आहे, आणि तो कोणत्याही पिकाच्या मोलाचा नाहीं.

सारांश

१. तांब्या-ॲल्युमिनियमची केबल व मोटारीचें वाइंडिंग यांचा रोध मीटरनें मोजावा व त्यावरून हिशेब करावा. तो मोठ्या दाबासही खरा राहतो. मात्र उष्णतेनें होणारी वाढ धरावी.

२. केबल घेण्यापूर्वीं अंतर, अँपिअर व रोध यांचा गुणाकार करून तूट काढावी. पंपापाशीं चालत्या मोटारीचा दाब वायरमनकडून मोजून घेऊन तो पेटीपाशींच्या दाबाशीं ताडून पाहावा.

३. चालत्या मोटारीस तारेचा नियम लावूं नये. दाब उतरला कीं तिचा प्रवाह चढतो. पाटीवर दिलेल्या मर्यादेच्या खालीं दाब गेल्यास मोटार बंद ठेवावी.

४. आवरणाची परीक्षा मेगरवांचून होत नाहीं. पुरांत बुडालेली मोटार १ मेगओहम दाखविल्यावांचून सुरू करूं नये.

५. सांधा ओहमनें न पारखतां उष्णतेनें पारखावा, व तोही वीज बंद करून.

६. स्वतःच्या देहाचा रोध मीटरवर पाहून त्यावर कधींही विसंबूं नये. ओल्या हातानें व अनवाणी पायानें स्टार्टरास स्पर्श करूं नये. पायाखालीं कोरडी फळी किंवा रबरी चटई ठेवावी.

हे सहा नियम पेटीच्या दाराच्या आंतल्या बाजूस लिहून चिकटवावेत आणि रात्रींच्या पाळीस जाणाऱ्या गड्यास एकदां वाचून दाखवावेत. वाचतां न येणाऱ्यास शेवटचा नियम तरी समजावून सांगणें हें मालकाचें कर्तव्य आहे.